तीन म्हणेपर्यंत

साळवे सर कुणाच्याही दारात थांबत नसत. जात मात्र सगळीकडे. घर असो, बँक असो की तहसील, उंबऱ्याशी येऊन एकदाच हाक मारायची, "हाय का कोणी?" मग मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणायचे आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर पाठ फिरवून चालू पडायचं. दुसरं एखादं काम उरकून ते परत येत, पुन्हा हाक, पुन्हा तीन. एका कामासाठी दिवसात पाच-पाच वेळा येतील, पण बाकड्यावर बसून वाट पाहणार नाहीत.

वालूरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते मला कामावर बोलवायला. बी.एस्सी. होऊन मी त्यांच्या ऑफिसात अर्ज देऊन आले होते. आई आत भाकरी थापत होती. हाताचं पीठ झटकून ती दारात येईपर्यंत सर गल्लीच्या टोकाला पोचले होते. "अहो, कोण हाय?" आईनं मागून विचारलं. सर तिथूनच म्हणाले, "सेलूचा साळवे. सुनीताला म्हणावं, सोमवारपासून या." माझी नेमणूक एवढ्यावर झाली. आई मात्र संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती, "असा कसा माणूस, पाणी बी घेतलं न्हाई."

सर गेले त्याला आता आठ महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर हसू येईल असंच पुष्कळ आहे. पण त्यांचं शेवटचं बोलणं मी ऐकून घेतलं नाही, आणि ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं खोटं होईल.

सेलूत स्टेशनच्या रस्त्यावर खतबियाण्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्यांतल्या वजनकाट्यांचे प्रोग्राम ते लिहीत. कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, काटा वजनाचे आकडे तारेतून कॉम्प्युटरकडे पाठवतो, प्रोग्राम ते वाचतो आणि पावती निघते. ऐकायला पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता.

पहिल्याच आठवड्यात एका जिनिंगमधून निरोप आला की काटा अडकलाय. सरांच्या स्कूटरवर आम्ही गेलो तर ट्रॅक्टरांची रांग फाटक ओलांडून डांबरी रस्त्यावर आलेली. आत काटेवाला बटणं बडवत होता आणि पडदा ढिम्म हलत नव्हता. सरांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "मशीन बिघडलं न्हाई. वाट बघायलंय बिचारं."

खरंच तसं होतं. तो जुना प्रोग्राम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला. त्यात नुसतं 'वजन वाच' असं सांगितलेलं. उंदरानं तार कुरतडली होती, त्यामुळे काट्याकडून काही येत नव्हतं, आणि काही आल्याशिवाय प्रोग्राम जागचा हलत नव्हता. पावती छापत नव्हता, बटण ऐकत नव्हता, बंदही होत नव्हता. सरांनी तार जोडली आणि त्या दुपारी काट्याच्या खोलीतच मला शिकवायला बसले.

"तू दुकानात गेलीस आन् दुकानदार न्हाई. तर काय काउंटरला डोकं टेकून बसतीस का? इचारायचं, हाय का काही? असंल तर घ्यायचं. नसंल तर दुसरं काम करून परत यायचं. उगं एका दारात बसलं की सगळा कारभार ठप्प."

म्हणजे प्रोग्रामनं आधी विचारायचं, तारेवर किती अक्षरं येऊन पडलीत? एकही नसेल तर पुढे जायचं. बटण दाबलंय का बघायचं, राहिलेली पावती छापायची, आणि फिरून परत विचारायचं. सेकंदाला शंभर वेळा विचारलं तरी त्याला कमीपणा वाटत नाही. सर सांगत होते आणि मला आईच्या हाताचं पीठ आठवत होतं. हा माणूस प्रोग्रामसारखा वागतो की प्रोग्राम ह्याच्यासारखा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

सरांची बायको शोभाकाकू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर पिंगळीचं. सर मुलगी पाहायला गेले तेव्हा घरचे सगळे मागच्या अंगणात होते. सरांनी दारातून हाक मारली, तीन म्हणाले आणि निघाले. "माझे वडील अनवाणी स्टेशनपर्यंत पळाले," काकू सांगत, "गाडी उशिरा होती म्हणून हा संसार झाला." सर शेजारी बसून चहा पीत असत. म्हणत, "लय परेशान केलं मी त्या माणसाला." दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी काकू हसत.

पुढे मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला. सरांनी सांगितलं तसाच, कुठेही न थांबणारा. हंगाम जोरात होता. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी पावती हातात धरून काट्याच्या खोलीत आला. शांत माणूस. म्हणाला, "ताई, छप्पन्न किलो तर मी एकटाच भरतो. मग माझा ट्रॅक्टर कुठं गेला?"

काट्यावर भरलं होतं पाच हजार सहाशे चाळीस. पण काटा आकडे एका दमात पाठवत नाही, एकामागून एक सोडतो. माझ्या प्रोग्रामनं नेमकं पाच आणि सहा आल्यावर विचारलं, हाय का काही? होतं. ते घेतलं, तेच वजन समजला आणि पुढे पळाला. उरलेले आकडे मागून आले तेव्हा त्यांना घ्यायला कुणी नव्हतं. सर त्या शेतकऱ्याबरोबर पोटभर हसले, त्याला नवी पावती दिली, चहा पाजला. तो गेल्यावर माझ्याकडे वळले तेव्हा हसत नव्हते.

"थांबू नको म्हणलं मी. ऐकू नको असं न्हाई म्हणलं. अर्धं आलंय ना, ते जपून बाजूला ठेव. फिरून ये, उरलेलं घे. ओळ पुरी होऊ दे. ओळ पुरी झाल्याबिगर कुणाचं वजन सांगायचं न्हाई."

मी मान डोलावली आणि प्रोग्राम दुरुस्त केला. प्रोग्रामपुरतं ते मला कायमचं कळलं.

सहा वर्षं मी त्यांच्याकडे काढली. मग त्यांनीच मला पुण्याच्या एका कंपनीत अर्ज करायला लावला. "इथं आता काय ऱ्हायलंय तुजं? काटे मी सांभाळतो." सेलूच्या स्टँडवर मला पोचवायला आले, बॅग वर ठेवली, खिडकीशी उभे राहिले आणि गाडी सुटायच्या आतच निघून गेले. ओठ हलताना मला दिसले. तीनच्या पुढे मोजलं असावं, असं मी आजही मानते.

पुण्यात माझं काम तेच होतं, फक्त फार मोठं. हजारो ठिकाणांहून माहिती येत राहते, आणि आमचा प्रोग्राम एकाही दारात न थांबता सगळीकडे विचारत फिरतो. मीही तशीच झाले. बोलताना समोरचा अडखळला की मी पुढच्या कामाला लागायची. मला कुणी हुशार म्हणे, कुणी उद्धट. मला दोन्ही आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी सरांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण शब्द वर येत नव्हता. मी दोन दिवसांची रजा काढून भेटून आले, पुढे सर काठीनं चालायला लागले तेही काकूंकडून कळलं, आणि दर रविवारी सकाळी अकराला फोन करायचं ठरवलं. काकू फोन त्यांच्या कानाशी धरत. मी विचारायची, "सर, ऐकायलात का?"

पलीकडे श्वास ऐकू यायचा. कधी नुसतंच "ऐ..." असं काहीतरी. मी थांबायची. किती थांबायची ते आता लिहायला लाज वाटते. तीन म्हणेपर्यंत. मग आपणच बोलत सुटायची, पुण्याचा पाऊस, ऑफिस, माझी बढती, आणि "बरं सर, आराम करा, ठेवते." एकदा काकू मधे म्हणाल्या, "सुनीता, थोडं थांबत जा गं. त्येंना येळ लागतो." मी हो म्हणाले. पुढच्या रविवारी फोन कानाला लावून मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

शेवटचे दोन रविवार मी फोनच केला नाही. फार मोठं कारण नव्हतं. एकदा पाहुणे होते, एकदा विसरले. त्यानंतरच्या मंगळवारी सर गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

पाचव्या दिवशी मी काकूंजवळ बसले होते. त्यांनी कपाटातून शाळेची असते तशी एक वही काढली. परभणीच्या ज्या डॉक्टरीणबाई सरांचं बोलणं सुधारायला येत, त्यांनी काकूंना सांगितलं होतं की ते जो शब्द बोलतील तो वेळेसकट लिहून ठेवा, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, कितीही वेळ लागला तरी. काकूंनी मास्तरणीच्या अक्षरात पानंच्या पानं भरली होती. पाणी. ऊन. शोभा. स्कूटर.

मग रविवारची पानं आली.

अकरा वाजता फोन. अकरा वाजून पाच मिनिटांनी ठेवला. अकरा नऊ: "ऐकायलो."

पुढचा रविवार. अकरा वाजता फोन. अकरा चारला ठेवला. अकरा दहा: "ऐकायलो."

त्याच्या पुढचा. फोन ठेवल्यावर सहा मिनिटांनी: "बढती. शाब्बास."

"काकू, तुम्ही मला परत फोन का नाही केला?"

"मी लावायला घ्यायचे. ते हातानं नको म्हणायचे. पोरगी कामात असंल म्हणून." काकू पुढे म्हणाल्या, "पण बोलायचे ते तुझ्याशीच. फोन खाली ठेवलेला असला तरी त्याच्याकडं बघून बोलायचे."

मी पान उलटलं. शेवटचा रविवार, मी विसरले तो. काकूंनी लिहिलं होतं: अकरा वाजता फोनजवळ बसले. सव्वाबारा: "आला न्हाई."

"सव्वा तास?" मी विचारलं.

"हो. मी म्हणलं, जेवून घ्या. मान हलवून नको म्हणले. मग काठी घेऊन उठले, दारापर्यंत गेले. मला वाटलं, झालं, आता निघाले. तर उंबऱ्याजवळ उभे राहिले आन् परत येऊन फोनपशी बसले."

उभ्या आयुष्यात कुणाच्या दारात तीनच्या पुढे न मोजलेला माणूस. माझ्यासाठी तो दारापर्यंत जाऊन परत फिरला होता, आणि मला त्या दिवशी साधी आठवणसुद्धा झाली नव्हती. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. त्यातली सोपी तेवढी मी उचलली, आणि तीही त्यांच्यावरच वापरली.

काकूंशी काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण शब्द येईना. "काकू, मी..." एवढंच निघालं आणि रडू फुटलं. काकूंनी मला गप्प केलं नाही, की माझं वाक्य पुरं केलं नाही. वही मांडीवर घेऊन त्या माझ्याकडे बघत बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी भेटायला आलं होतं, दारातून हाक मारत होतं. काकू उठल्या नाहीत. माझं बोलून पुरं होईपर्यंत त्या तिथेच होत्या.