आग्रहाचे पोहे आणि अमेरिकेचे पाहुणे

आमच्या घराण्यात आजवर एकालाही स्टुलावर न चढता माळ्यावरचा डबा काढता आलेला नाही. मी पाच फूट चार आहे (बूट घालून), आणि बायको, वर्षा, माझ्या खांद्याला लागते. अशा घरात आमची सई सोळा वर्षांची होईस्तोवर पाच फूट अकरा झाली! सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधले बल्ब हल्ली तीच बदलते, नुसता हात वर करून, आणि मी खाली उभा राहून "सावकाश गं" एवढं म्हणतो. बाप म्हणून तेवढंच काम उरलंय.

एवढी उंची वाया जाऊ नये म्हणून शाळेने तिला बास्केटबॉलमध्ये घातलं आणि पोरगी बघता बघता त्यात बुडून गेली. तिला अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं होतं. तिकडचं शिक्षण आम्हाला परवडायचं तर ते खेळाच्या जोरावरच, हे तिला आम्ही न सांगता कळलं होतं. त्यामुळे ती पहाटे उठून ब्लॉकखालच्या कोर्टवर एकटीच बॉल टाकत बसायची आणि वरच्या मजल्यावरचे अंकल खिडकीतून ओरडायचे.

आता हे अमेरिकेतले कोच मुली निवडतात कसे? मला वाटलं, मार्कशीट पाठवायची. सईच्या क्लबच्या कोच लिमनी पालकांच्या मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगितलं. शाळा-कॉलेज चालू असताना त्या कोचना स्वतःच्या टीमचेच सामने असतात. सुट्टी लागली की ते मोकळे होतात, आणि मग गावोगावच्या हॉलमध्ये बसून दिवसभर मुली बघतात. तिकडच्या मुलीही उन्हाळाभर ह्या गावातून त्या गावात स्पर्धा खेळत फिरतात. एका ठिकाणी बॉल जाळीत पडला नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरं गाव! सिंगापूरमध्ये उन्हाळा बारा महिने असतो, पण असे कोच आमच्या बेटावर यायचे होते ते जूनच्या सुट्टीत, एकाच स्पर्धेला. सईला जे काय दाखवायचं होतं ते तेवढ्यातच.

"आणि महत्त्वाचं," कोच लिम म्हणाले, "त्यांना फक्त बघायची परवानगी आहे. खेळाडूंशी, पालकांशी बोलायची नाही. नियम आहे. सो प्लीज, पेरेंट्स, जवळ जाऊ नका. नो टॉकिंग, हां!"

हे बोलताना ते माझ्याकडेच का बघत होते, कोण जाणे.

नेमक्या त्याच महिन्यात माझी सुमनआत्या सांगलीहून आमच्याकडे आली होती. आमच्या कुटुंबातली निम्मी लग्नं आत्याने जमवली आहेत (माझंसुद्धा; वर्षा ह्याबद्दल अधूनमधून तिला जाब विचारते). मी तिला स्पर्धेचा प्रकार समजावला. परगावचे लोक येणार, ओळीने बसणार, मुलीला वरपासून खालपर्यंत बघणार, काही न बोलता निघून जाणार आणि पसंती मागाहून कळवणार.

आत्या शांतपणे म्हणाली, "मग सरळ सांग ना, बघण्याचा कार्यक्रम आहे."

"तसं नाही गं आत्या."

"उंची विचारतात?"

"हो."

"शिक्षण?"

"ते पण."

"घरचं वळण कसं आहे ते बघतात?"

"अं... कोच लिम म्हणाले, स्वभाव पण बघतात."

"झालं तर! आणि अशा पाहुण्यांना तू कोरडं परत पाठवणार? आईबापांनी हेच शिकवलं तुला?"

स्पर्धेच्या दिवशी वर्षाला रॅफल्स प्लेसच्या तिच्या बँकेत मीटिंग होती. निघताना तिने मला दारात थांबवलं. "मिलिंद, तू फक्त बसायचंस. कळलं? बसायचं. टाळ्या वाजवायच्या असतील तर त्याही हळू."

"मी काय लहान आहे का?"

ह्यावर तिने एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघितलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आत्याने पहाटे उठून पोहे केले. शेंगदाणे, मटार, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. स्टीलचा मोठा डबा भरला. मी म्हणालो, "आत्या, बोलायला बंदी आहे." ती म्हणाली, "बोल म्हणतंय कोण? खायला घाल." मी विचार केला. तुआसच्या कारखान्यात मी सेफ्टी इंजिनियर आहे, नियम वाचणं हा माझा धंदा आहे. बोलायचं नाही, असा नियम होता. खायला घालायचं नाही, असं कोच लिम कुठे म्हणाले होते? (हॉलच्या दारावर खाण्यापिण्यावर फुली मारलेलं भलंमोठं चित्र होतं. ते मी पाहिलं. ते प्रेक्षकांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, असा अर्थ मी लावला.)

आत शिरलो आणि मान वर करूनच चालायला लागलो. एवढ्या उंच मुली मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या! ऑस्ट्रेलियाच्या होत्या, तैवानच्या होत्या, मनिलाच्या होत्या. आणि खालच्या पहिल्या रांगेत, कोर्टच्या अगदी रेषेला लागून, ते कोच. छातीवर कॉलेजचं चिन्ह असलेले शर्ट, हाताची घडी, आणि चेहऱ्यावरची रेषही हलेल तर शपथ. त्यांतल्या एक बाई तर बसूनही माझ्याएवढ्या दिसत होत्या. पांढरे होत चाललेले आखूड केस, नजर कोर्टवर खिळलेली. सईने ज्या कॉलेजचा ध्यास घेतला होता, त्याच कॉलेजचं चिन्ह त्यांच्या शर्टावर होतं.

"तीच," आत्या कुजबुजली. "मुलाची आई असते तशी बसलीये बघ. घरात तिचंच चालणार."

सामना सुरू झाला आणि मी डबा घेऊन खाली उतरलो. एका कागदी प्लेटमध्ये पोहे वाढले, चमचा ठेवला आणि तोंडातून अवाक्षर न काढता, नुसतं हसून, प्लेट बाईंच्या पुढे धरली. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, दोन्ही तळवे वर केले आणि जोरजोरात मान हलवली.

मी मागे वळून आत्याकडे पाहिलं.

"अरे, पहिल्यांदा कोणी हो म्हणतं का?" आत्या वरून ओरडली. "आग्रह कर!"

हे मात्र मला पटलं. आमच्याकडे पहिल्या नकाराला काही किंमतच नसते. पाहुणा "नको नको" म्हणतो तो वळण म्हणून. आपण वाढतो तेही वळण म्हणूनच. मी प्लेट पुन्हा पुढे केली. बाई उठल्या आणि चार खुर्च्या सोडून जाऊन बसल्या. मी चार खुर्च्या सोडून गेलो. त्या पुन्हा उठल्या आणि पार कोपऱ्यात, बास्केटच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेलो! त्यांच्या शेजारचे कोच आता खेळ सोडून आम्हा दोघांकडे बघत होते.

"बाबा!" कोर्टवरून सईचा आवाज आला. "नो लाह! बाबा, जा ना वर!"

"बोलत नाहीये मी!" मी मोठ्याने उत्तर दिलं.

आणि तेवढ्यात कोणाच्या तरी हातून बॉल निसटला आणि थेट माझ्या दिशेने आला. त्याच्यामागून सई धावत येत होती. शहाण्या माणसाने काय केलं असतं? डबा टाकून बाजूला झाला असता. मी डबा वाचवायला गेलो. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि बॉल बरोबर त्याच्या बुडावर बसला!

पोहे आधी वर गेले. मग खाली आले. कोर्टवर, बेंचवर, बास्केटच्या दांड्यावर, माझ्या डोक्यावर. शेंगदाणे टपटप करत पार मधल्या रेषेपर्यंत घरंगळत गेले. पंचांनी शिट्टी फुंकली. सबंध हॉलच्या देखत डब्याचं झाकण गोल गोल फिरत एकदाचं आडवं झालं.

कारखान्यात दर सोमवारी मी कामगारांना एकच गोष्ट शिकवतो: फरशीवर काही सांडू देऊ नका, एखादा घसरेल.

सई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार, नाहीतर रडणार. तिच्या जागी मी असतो तर दोन्ही केलं असतं. तिने एक मोठा श्वास घेतला.

"बाबा, हलू नकोस. घसरशील."

मग तिने पंचांची माफी मागितली. धावत जाऊन स्वतःच मॉप आणला आणि फरशी पुसायला लागली. समोरच्या टीमची एक मुलगी खुसखुसत होती, तिला सई म्हणाली, "केअरफुल हां, तुझ्या बुटाखाली मटार आहे." ती मुलगी हसत हसत खाली वाकली आणि शेंगदाणे गोळा करायला लागली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. दोन्ही टीमच्या मुली गुडघ्यांवर बसून माझे पोहे उचलत होत्या! शेवटी सईची नजर त्या कोच बाईंकडे गेली. त्यांच्या खांद्यावर कढीपत्त्याचं एक पान होतं. बोलायला बंदी. सईने नुसतं स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून खूण केली. बाईंनी पान झटकलं, आणि चेहऱ्यावरची रेष तरीही हलली नाही.

मला कोच लिमनी हाताला धरून वर नेऊन बसवलं. ते काही बोलले नाहीत. नियमच होता.

पुढे जे झालं ते मी केसांत खोबरं घेऊन पाहिलं. सई खेळायला लागली. ह्या मुलीचे सामने मी आधीही पाहिले होते, पण तेव्हा मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. ती उडी मारायची आणि वर गेल्यावर क्षणभर तिथेच थांबायची, घाई नसल्यासारखी. मैत्रिणीचा बॉल चुकला की पळताना तिच्या पाठीवर थाप मारून जायची. एवढी मोठी मुलगी माझ्या घरात राहते, माझ्या हातचा चहा पिते, आणि मला हिचा काही पत्ताच नाही! आत्याने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "उंचीला काय करायचंय रे. पोरगी सोनं आहे."

सईची टीम सामना थोडक्यात हरली. बाई उठल्या आणि मागे वळूनही न बघता गेल्या.

"बघून गेले आणि पोह्यांना हात नाही लावला," आत्या हळूच म्हणाली. "नकार धर."

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत सई माझ्याशेजारी उभी होती. मी म्हणालो, "सई, मी..." ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." आणि माझ्या कॉलरमधून एक मटार काढून माझ्या हातावर ठेवला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. घरी वर्षाने नुसतं विचारलं, "बसला होतास ना?" आणि माझ्या केसांकडे बघून उत्तराची वाट पाहिली नाही.

बोलायची बंदी उठल्यावर कोच लिमचा निरोप आला: त्या बाईंना व्हिडिओ कॉलवर बोलायचंय. मला वाटलं, तक्रार असणार. आम्ही चौघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. स्क्रीनवर बाई आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

"मी उन्हाळाभर हॉलमध्ये बसून असते," त्या म्हणाल्या. "बॉल जाळीत टाकणाऱ्या मुली खूप दिसतात. मला बघायचं असतं, सगळं बिघडलं की मुलगी काय करते. पण बऱ्याचदा सामन्यात काही बिघडतच नाही. तुमच्या सामन्यात मात्र..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावरून घेतलं. "सई, आमच्या टीममध्ये तुझ्यासाठी जागा आहे. शिक्षणाच्या खर्चासकट."

वर्षाने माझा हात एवढा घट्ट दाबला की अंगठी रुतली. आत्याला मी मराठीत सांगितलं. "पसंत?" ती ओरडली. "पोहे न खाता?"

"एक विचारू?" बाई सईला म्हणाल्या. "एवढं शांत राहायला कुठे शिकलीस? आमच्या मोठ्या मुलींनाही जमत नाही ते."

सईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ॲट होम, कोच," ती म्हणाली.

मी छाती फुगवून वर्षाकडे पाहिलं. संस्कार म्हणतात ते हेच! वर्षा तोंडावर उशी दाबून हसत होती.

"हसतेस काय?" आत्या तिला म्हणाली. "खरंच आहे तिचं. मिलिंदला सांभाळून सांभाळूनच पोर तयार झाली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं बिघडलं तरी शांत राहायचा जो सराव अमेरिकेतल्या मुलींना उन्हाळाभर गावोगाव हिंडूनही मिळत नाही, तो आमच्या सईला घरबसल्या मिळत होता, आणि तोही बारा महिने!