सब ठीक

आमची लष्करी इंजिनियर कंपनी तेव्हा ईशान्येत एका डोंगरी नदीवर होती. मी हवालदार, एक सेक्शन माझ्याकडे. रोजचा क्रम ठरलेला. पाचला फॉल-इन, सव्वापाचला बोटींची तपासणी, मग प्रत्येकाकडून रिपोर्ट, 'सब ठीक'. फौजेत याहून वेगळा रिपोर्ट कोणी देत नाही. अंगात ताप असला तरी जवान हेच म्हणतो.

त्या सकाळी पूर आला. पलीकडे गावकरी अडकले होते. पाच चाळीसला पहिली बोट दोर बांधायला निघाली. तिघे जण, पुढे नाईक विलास खाडे. विलास माझा बडी, म्हणजे जोडीदार, चार वर्षं आमच्या खाटा शेजारी. मी काठावर रेडिओ सेटवर होतो.

"विलास, हालत बता. ओव्हर."

उत्तर उशिरा आलं. "सब ठीक. ओव्हर."

त्याचे दात वाजत होते. मला स्वच्छ ऐकू आलं. "आगे बढ," मी म्हणालो.

पाच बावन्नला बोट उलटली. मी उडी मारली. जवानांनी मला दोराने ओढून काढलं. दोघे मिळाले, विलास मिळाला नाही. त्याचा देहही नाही.

पेन्शनीत निघाल्यावर बनारसला आलो. बायकोचं माहेर इथलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी भटजींचं घर, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. काशीत राहून गंगेला घाबरणारा जावई म्हणजे घरबसल्या करमणूक. माझी बादलीशी तरी दोस्ती आहे ना, असं मेहुणा विचारायचा. मीही हसायचो. पण घरात नळ सोडला की मला आधी रेडिओची खरखर ऐकू यायची, मग दात. सहा वर्षं मी घाट उतरलो नाही.

मग विलासच्या वडिलांचा, आण्णांचा, माणदेशातून फोन आला. पोराचं काशीत करायचं, मधल्या धारेत पिंड सोडायचे, आणि नावेत शेजारी मीच हवा. दोन महिने हातात होते. हो म्हणालो, फोन ठेवला आणि ओकलो.

बायकोने मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मुलीच्या वयाच्या बाई. त्यांनी माझ्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला आणि हातात गेमचं रिमोट दिलं. चष्म्यात नदी. नाव वल्हवत पलीकडे न्यायची, दर लेव्हलला पाणी वाढतं. मधेमधे त्या विचारायच्या, डर दस में से कितना? मी सांगायचो, दो. त्या पुढची लेव्हल लावायच्या. चौथ्या लेव्हलला नाव डुलली. मी पुन्हा 'दो' म्हणालो. त्यांनी चष्माच काढला. माझा शर्ट घामाने भिजला होता, मनगटावरच्या पट्ट्यात नाडी एकशे अडतीस.

"हवालदार साहब, मुझे रिपोर्ट नहीं चाहिए. मुझे डर बताइए."

मला राग आला. काल आलेली पोर मला शिकवते! उठून दारापर्यंत गेलो. तिथे डोक्यात आलं, विलासनेही मला 'दो'च सांगितलं होतं. परत येऊन बसलो. "नौ," मी म्हणालो. त्या दिवसापासून पुन्हा पहिली लेव्हल. दोन महिन्यांत नवाचे पाच झाले. पाचाखाली काही गेले नाहीत.

आण्णा आले. सकाळी सातला नाव सुटली. मी फळी घट्ट धरून बसलो. मधल्या धारेत मेहुण्याने मंत्र संपवले. आण्णांनी पिंड ओंजळीत घेतले, पण सोडले नाहीत.

"भ्यालं हुतं का रं माजं प्वार?"

विलास गेला तेव्हा पत्रात मी त्यांना कळवलं होतं, तो हसत गेला.

"होय, आण्णा. दात वाजत होते त्याचे. मला ऐकू आलं होतं. तरी मी पुढे जा म्हणालो."

त्यांनी मला नावेतून ढकललं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"गावात समदी म्हणायची, वाघ हुता," ते म्हणाले. "वाघासाटी रडायचं कसं, बाबा?"

मग ते रडले. ओंजळ सैल झाली, पिंड पाण्यात गेले. मीही रडलो, मेहुण्यादेखत.

नाईक विलास खाडे, वय सत्तावीस. पोहण्यात कंपनीत पहिला. थंडी मात्र अजिबात सोसायची नाही, डिसेंबरात माझी रजई ओढून घ्यायचा.