कोरा कागद

आमच्या हेंद्रेपाड्यात एक बाई आहे. गल्लीत कुणी आजारी पडलं की पिशवी घेऊन त्याच्याबरोबर हॉस्पिटलात जाते. तिथे खुर्ची दिली तरी बसत नाही.

माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. काउंटरवरचा माणूस रेशनकार्ड बघून म्हणाला, “सरकारी योजनेत बसत नाही.” मी मान खाली घालून निघाले. तिने माझा हात धरला आणि त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला.

“बसत नाय तेवढंच लिवा सायब. खाली सही करा.”

“मावशी, असं लिहून देत नाहीत.”

“मग आम्ही पन असं जात नाय.”

दुपारी त्याने आमचा अर्ज घेतला. तिने कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. घड्यांवर तो फाटत आलाय, पण त्याच्यावर अजून कुणी सही केलेली नाही.