शेवंताची हिंदी, माझी इंग्लिश

सोलापूर स्टेशनात दिल्लीची गाडी लागली तेव्हा आईनं माझ्याशी अबोला धरलेला होता. वडील बाकड्यावर बसून होते, हातात माझी पिशवी. गाडी हलायला लागली तशी आई खिडकीचा गज धरून चालायला लागली आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशात तुला पानिपतच सापडलं रे?" डब्यातली माणसं हसली. मला हसू आलं नाही. आमच्याकडं एखाद्याचं पार वाटोळं झालं की त्याचं पानिपत झालं म्हणतात, आणि मी पोटासाठी नेमका तिकडंच निघालेला. वडिलांनी उठून पिशवी दारातून आत सरकवली आणि "हात चालू ठेव" एवढंच बोलले. त्यांना जास्त बोलायची सवय नव्हती.

हे मी सोलापुरात राहिलेल्या भावंडांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे इकडं आले त्यांच्यासाठीही. मी चौथी पास. पाचवीचं पुस्तक आणलं होतं, पण त्याच वर्षी मागावर बसलो. माझी मुलगी मंदा म्हणाली, "बाबा, मी शुद्धलेखन बघते." मी म्हटलं, बघ, पण शब्द एक बदलायचा नाही.

पानिपतात माझं काही पानिपत झालं नाही, हे आधी सांगून टाकतो. आमच्या चादरींची नक्षी मागावर बसवायला तिथल्या एका कारखानदाराला माणूस पाहिजे होता. त्याला सगळे लालाजी म्हणायचे. मला तो नावानं हाक मारायचा नाही, "ओ सोलापुरी" म्हणायचा. मला ते आवडायचं. गावाचं नाव लावून हिंडणारे फार थोडे असतात. दोनतीन वर्षांत लालाजीनं नोएडात माल दाखवायची जागा घेतली. परदेशी गिऱ्हाईक तिथं यायचं, त्याला बायर म्हणायचे. नमुने विणायला मला तिथं बसवला, आणि मी बायको-मुलीला बोलावून घेतलं.

आत्ताचं नोएडा डोळ्यापुढं आणू नका. मेट्रो नव्हती, काचेच्या इमारती नव्हत्या. सेक्टरांचे नंबर पडलेले, पण नंबराच्या पाट्यांमागं नुसती धूळ. सेक्टरांच्या मध्ये जुनी गावं तशीच होती. त्यातल्या एका गावात चौधरी म्हणून घरमालक होता, त्याच्या माडीवर आम्हाला खोली मिळाली. खाली म्हशी, वर आम्ही.

माझी बायको शेवंता. सोलापुरात आमच्या चाळीत तिचा आवाज पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. नळावरची भांडणं सोडवायला तिला बोलवायचे, आणि कुणाला लावायची असली तरी तिलाच. ती बाई इथं आली आणि बंद पडली. हिंदी येत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात बोटानं दाखवून साखर मागायची. गल्लीतल्या बायका हरियाणवी की ब्रज काय ते बोलायच्या, ते तर मलासुद्धा कळत नव्हतं. त्यांनी हिचं नाव पाडलं 'गूँगी बहू'. मुकी सून. मंदा शाळेतून येऊन एक दिवस विचारते, "आई, गूँगी म्हणजे काय?" शेवंता भाकरी थापत राहिली.

त्याच सुमाराला लालाजीनं मला बोलावून घेतलं. "सोलापुरी, तेरा हाथ बोलता है. पर बायर हाथ की बोली नहीं समझता. दिवाली के बाद गोरी मेमसाब आएगी. उसकी बात समझनेवाला आदमी चाहिए सैंपल पे."

"मैं समझूँगा," मी म्हटलं.

"कैसे समझेगा?"

"सीखूँगा."

"नहीं तो मेरा भानजा बैठेगा, तू वापस पानिपत."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शेवंता म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा. मी पण दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर मंदाला घेऊन मी जाते सोलापूरला. इथं मी मुकी झाले हो." रडून नाही म्हणाली. हिशोब सांगितल्यासारखं म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं. तिनं लोखंडी ट्रंक भिंतीकडून पुढं ओढली आणि त्या दिवसापासून ती भरायला सुरुवात केली. एकेक लुगडं, एकेक भांडं. ट्रंक रोज माझ्या डोळ्यासमोर.

इंग्लिशचा क्लास गावातल्या पिठाच्या गिरणीवर होता. खाली जातं चालू असलं की त्यागी मास्तर ओरडून शिकवायचे. बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारी बुलंदशहराकडची पोरं, एक नर्सबाई आणि मी. पोरं मला ताऊ म्हणायची, म्हणजे थोरले काका. "ताऊ, इस उमर में अंग्रेज़ी? फेरे अंग्रेज़ी में लेने हैं के?" मी म्हटलं, "तुम्हारे फेरे हो जाएँगे तब तक मैं अंग्रेज़ी में आशीर्वाद दूँगा." मग त्यांनी मला पुढच्या बाकावर जागा दिली.

व्याकरण मला जमलं नाही, आणि मास्तरांनीही ते सोडून दिलं. ते म्हणाले, साहेब लोक सरळ बोलतच नाहीत, त्यांचे मुहावरे, आपण वाक्प्रचार म्हणतो ते, पाठ करा, बाकी आपोआप येईल. फळ्यावर डावीकडं इंग्लिश मुहावरा देवनागरीत, उजवीकडं तसाच हिंदी. बाकीच्या पोरांचं निम्मं काम तिथंच व्हायचं, हिंदी त्यांच्या घरची. मला हिंदी मुहावराही तेवढाच परका. दोन कुलपं, किल्ली एकही नाही. म्हणून मी दोन्ही घरी घेऊन यायचो आणि शेवंतासमोर टाकायचो. ती चुलीशी, म्हणजे स्टोव्हशी, आणि मी पाटावर. तिचा नियम असा की अर्थ मराठीत लागल्याशिवाय ताट वाढायचं नाही.

"वन्स इन अ ब्लू मून," मी म्हणायचो. "हिंदीत ईद का चाँद होना."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एखादा माणूस क्वचित कधीतरी दिसतो ना."

"सठीसहामाशी," ती म्हणाली. "मग तेवढं म्हणावं की. चंद्र निळा कशाला करायचा?"

'पीस ऑफ केक' आला, हिंदीत 'बाएँ हाथ का खेल'. ती लगेच म्हणाली, "डाव्या हाताचा मळ." 'टर्न अ डेफ इअर' आला, हिंदीत 'कान में तेल डालकर बैठना'. ती म्हणाली, "कानाडोळा. पण हिंदीवाल्यांचं बरंय, ऐकू न यायचं कारण तरी दिलंय." 'बीट अराउंड द बुश' म्हणजे 'बात घुमाना', आमच्याकडं आडवळणानं बोलणं. तिला सगळ्यात जास्त हे पटलं. म्हणाली, "तुमचा लालाजी हेच करतो."

माझं ध्यान डावीकडच्या रांगेवर. मी झोपेपर्यंत इंग्लिश घोकायचो. ती उजवीकडचं पुन्हा पुन्हा विचारायची, "ते तेलाचं काय होतं हो?" मला वाटायचं, हिचा वेळ जावा म्हणून विचारते.

एका मुहावऱ्यावर मात्र मी अडलो. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'टू स्पिन अ यार्न'. शब्द मला ठाऊक होते, यार्नच्या गोण्यांवर तेच छापलेलं असायचं. सूत कातणं. उजवीकडं लिहिलं, 'मनगढ़ंत क़िस्सा सुनाना'. मी उभाच राहिलो.

"मास्टरजी, ये गलत है."

"क्या गलत है?"

"सूत कातना मतलब थापा मारना? मेरी दादी ने सारी उमर सूत काता. एक थाप नहीं मारी."

पोरं बाकं बडवायला लागली. मास्तर हात जोडून म्हणाले, "ताऊ, अंग्रेज़ से शिकायत करो. मैं तो डाकिया हूँ." मी तो मुहावरा लिहून घेतला नाही. आजपर्यंत वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

दसरा झाला. ट्रंक भरत आली. माझे मुहावरे वाढत होते, पण तिच्याशी मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. जाऊ नको म्हणायला तोंड उघडायचो आणि तिथं ब्लू मून निघायचा. मंदा शाळेतून हिंदीत बडबडत यायची, आईपाशी आली की शब्द शोधायची. ते बघून मला वाटलं, शेवंताचं खरं आहे. दोघी गेल्या तर पोरीची भाषा तरी राहील. मी मनात तयारी केली होती. तिला तसं बोललो मात्र नाही. माझ्या तोंडून "जा" निघालं नसतं, मान तुटली असती तरी.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माडीवर पाणी येईना. खालची तोटी चौधरी सोडायचा तेव्हा वर यायचं, आणि त्यानं म्हशी धुवायला सगळं पाणी खालीच ठेवलेलं. मी दोनदा जाऊन सांगितलं. "हो जाएगा, हो जाएगा." तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर गल्लीत गर्दी. चौधरीच्या अंगणातून एका बाईचा आवाज येत होता. खणखणीत. मला वाटलं, गावातलीच कुणी असेल, जाऊ दे. जिन्याकडं वळलो आणि आवाज ओळखीचा वाटला.

शेवंता होती. रिकामी घागर कमरेला, पदर खोचलेला, चौधरीच्या खाटेसमोर उभी.

"चौधरी जी, कान में तेल डालके बैठे हो क्या? तीन दिन हुआ! पानी नहीं, पोरीचा केस नहीं धुवा!"

"अरी, आ जाएगा पानी, मोटर का..."

"बात मत घुमाओ! मोटर चालू है, मैंने बघितली है! म्हशी को पानी है, हमको नाही? तोटी खोलना तुम्हारे बाएँ हाथ का खेल है, खोलो!"

चौधरी हुक्क्याची नळी तोंडात धरून तसाच राहिला. त्याची बायको, चौधराइन, गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली आणि कपाळाला हात लावून हसत सुटली. "हाय राम! यो तो गूँगी थी! किसनै खोल दी इसकी ज़बान?" मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "सुण ली? अब खोल दे." तिनंच जाऊन तोटी सोडली आणि शेवंताच्या हातातली घागर घेऊन नळाखाली धरली.

गर्दीत मी मागं उभा होतो. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, ही माझी बायको. कुणी विचारलं नाही, तरी मी दोघातिघांना सांगितलं.

ती भरलेली घागर घेऊन वर आली, दम लागलेला. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय चुकलं का?" चुका पोतंभर होत्या. मी म्हटलं, "एक नाही." तिनं ट्रंक उघडली, वरच्या सोलापुरी चादरी काढल्या, झटकल्या आणि खाटेवर अंथरल्या. "थंडी पडायला लागली इथली," एवढंच म्हणाली. भांडी मात्र तिनं दुसऱ्या दिवशी काढली, मान सहजासहजी वाकवायची नाही म्हणून. त्या दिवाळीत चौधराइन वर येऊन आमच्या चकल्या खाऊन गेली आणि शेवंता खाली जाऊन दूध घेऊन आली.

मेमसाब आली. मी कान टवकारून बसलो, आता ब्लू मून येईल, आता केक येईल. बाईनं अख्ख्या दिवसात एक मुहावरा वापरला नाही. सरळ साधं बोलली, सावकाश. मला रागच आला. पण ऐकायची सवय लागली होती, तिचं निम्मं मला समजलं. शेवटी एका अवघड नक्षीवर बोट ठेवून तिनं विचारलं, हे जमेल का? मी म्हटलं, "पीस ऑफ केक, मॅडम." ती खळखळून हसली. लालाजीला काय समजलं देव जाणे, तो तिच्याहून मोठ्यानं हसला. भाच्याला पानिपतला धाडलं आणि नमुन्यांवर मी राहिलो, म्हातारा होईपर्यंत.

आता मंदाच्या फ्लॅटवर आहोत, नोएडातच, अकराव्या मजल्यावर. मंदा एका ऑफिसात बातम्यांचं काम करते, तिची मुलगी आजीला "यार आजी, चिल" म्हणते आणि सठीसहामाशी म्हटलं की तोंड बघत राहते. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. नातीला मराठी येते, पण जेवणापुरती. तिला कुणी गिरणीवरच्या क्लासला घातलेलं नाही.

मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला सोलापूरला गेलो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता पुरे झालं, या की परत. खोली आहे." खोली आहे, हे खरं. पण बाजारात चोळीच्या खणाला शेवंतानं हात लावला आणि भाव करायला तोंड उघडलं, तर हिंदीच आली. दुकानदार अदबीनं म्हणाला, "ताई, बाहेरगावच्या का?" ती मग त्यानं सांगितलेल्याच किमतीला खण घेऊन आली. सोलापुरात मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. भावाला म्हटलं, येतो अधूनमधून.

परत आलो तर सोसायटीच्या फाटकावर नवा वॉचमन. आम्हाला ओळखेना, वहीत नाव लिहा म्हणाला. मी पेन घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात शेवंतानं पदर खोचला. कोण तुम्ही, कुठून आलात, कुणाकडं जायचंय, हे त्यालाच विचारायला लागली. हिंदीत सुरू केलं, मराठीत चढवलं, मधे दोन शब्द चौधराइनचे. वरच्या बाल्कन्यांतून माणसं डोकावायला लागली. मी सामान खाली ठेवलं आणि बाकड्यावर निवांत बसलो. घरी पोचलो होतो.