देवचाफ्याचा पत्ता

कसबा पेठेतल्या एका देवळामागे, देवचाफ्याखाली, त्या बाई घडीचं स्टूल टाकून झाडाचं चित्र काढत बसायच्या. साठीच्या असाव्यात. नाव मी कधी विचारलं नाही. कंपासपेटीतल्या कर्कटकानं त्या एकेक पाकळी मोजायच्या, आणि किडीनं खाल्लेलं पान असलं तर तेही भोकांसकट काढायच्या.

"हे मूळचं मेक्सिकोचं," एका रविवारी त्या म्हणाल्या. "बोटीतून आलं आणि थेट देवाच्या पायाशी जाऊन बसलं."

एवढं बोलून त्यांनी पेन उघडलं आणि चित्राखाली ठिकाण लिहिलं : कसबा पेठ, पुणे.

मी यवतमाळचा. खराडीत नोकरीला लागून सात वर्षं झाली, तरी लिफ्टमधला प्रत्येक नवा माणूस विचारतोच, "मूळचे कुठले आपण?" त्यामुळे मला राहवलं नाही.

"पण झाड मेक्सिकोचं ना?"

"अहो, मी मेक्सिकोत बसलेय का? झाड जिथं फुललेलं दिसलं, तिथलं ठिकाण लिहायचं. पद्धत आहे ती."

मतदारयादीतलं नाव पुण्यात आणायचा फॉर्म माझ्या बॅगेत सहा महिने पडून होता. भरला की गाव सुटलं, असं वाटायचं. त्या दिवशी मी देवळाच्या पायरीवरच बसलो, फॉर्म मांडीवर घेतला आणि त्यांच्याकडे शिसपेन्सिल मागितली.

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. पेन्सिल स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"पत्ता शाईनं लिहायचा."