एका बाहीवर आलेलं अपग्रेड

मला यंत्रांचा राग नाही. चांगलं चाललेलं यंत्र सुधारायला निघणाऱ्या माणसांचा आहे.

म्हसावदजवळच्या आमच्या गावात माझी सून भरतकामाचं मशीन चालवते. कॉम्प्युटरवर नक्षी काढली की सुई ती आपोआप ब्लाउजवर उतरवते. गेल्या लग्नसराईत एका नवरीच्या ब्लाउजची एक बाही झाली होती, दुसरी राहिली होती आणि हळद परवावर आली होती. नेमका त्याच सकाळी कॉम्प्युटर नव्या आवृत्त्या आल्याचं सांगू लागला. मी म्हटलं, बाही होऊ दे, मग काय करायचं ते कर. ऐकेल तर सून कसली!

कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस पुण्याला असतो. नेट घरात तारेनं येतं, पण फोनला रेंज फक्त ओट्यावर. म्हणून फोन धरून मी ओट्यावर आणि सून आत पडद्यासमोर. तो सांगेल ते मी ओरडून आत पोचवायचं.

"काकू, आधी यादी नीट वाचायला सांगा," तो म्हणाला. "नवं घेताना जुने कोणते भाग निघणार, ते त्यात असतं. नक्षीचा प्रोग्राम एका जुन्या भागावर टेकलाय. तो निघाला तर प्रोग्राम बसला."

एवढं मला कळलं. खालचा डबा ओढला की वरचे कोसळतात. मी आत सांगणार, तोच सुनेनं विचारलं, "आत्या, जुनं काढून टाकू का म्हणतंय. काय सांगू?"

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी नवरीची आई दिसली. पदर खोचून तरातरा आमच्याकडेच निघालेली. माझ्या तोंडून गेलं, "येस, येस!"

आमच्या अहिराणीत येस म्हणजे येते. ती बाई येते आहे, एवढंच मला सांगायचं होतं. सून साताऱ्याकडची. सहा वर्षं या घरात राहते, पण त्या घाईत तिला इंग्रजीतलंच येस ऐकू आलं. तिनं बटण दाबलं.

मशीन मुकं झालं. नक्षी पडद्यावर, सुई जागच्या जागी.

"मन्ही पोरले एक बाहीवरी हळद लावू का?" नवरीच्या आईनं दारातच तोंड सोडलं.

"आधी च्या पी, मंग भांड," मी म्हटलं.

मी फोनवरच्या माणसाला झालेलं सांगितलं. जुना भाग पुन्हा घाला, म्हणाला, आणि त्याला होल्ड लावा. मग बाकी काही बदललं तरी त्याला धक्का लागत नाही.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तेच सांगत होतो काकू. तुम्ही येस म्हणालात."

जुना भाग उतरायला तीन तास लागले. बाई ओट्यावरून हलली नाही. तीनदा चहा प्याली आणि तिन्ही वेळा साखर कमी आहे म्हणाली. दिवस मावळताना दुसरी बाही निघाली. बाईनं दोन्ही बाह्या उजेडात धरून खोट शोधली. सापडली नाही.

"दुसरी जराशी बरी दिखस," ती म्हणाली.

नक्षी तीच, दोरा तोच. पण सून लगेच माझ्याकडे वळली. "बघा आत्या, अपग्रेडचा गुण!"

मी तिच्या हातातून माऊस काढून घेतला.