जोडीला फणसांबा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका लॅब्रॅडोरच्या जबड्यात होते. देवळाली कॅम्पातल्या माझ्या दवाखान्यात सकाळी नेहमीच गर्दी असते. अधिकाऱ्यांची कुत्री, बंगल्यांतली कुत्री आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले त्यांचे मालक. त्या लॅब्रॅडोरच्या मालकिणीनंच फोन उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडून मंदाताईंचा शिरीष म्हणाला, "काका, आई गेली." मी "बरं" म्हणालो. असं कुणी म्हणतं का? कुत्र्याच्या दाढेत अडकलेलं हाड काढलं, त्याला टेबलावरून खाली उतरवलं, आणि मग लक्षात आलं की बेसिनचा नळ केव्हाचा चालू आहे आणि मी नुसताच उभा आहे... त्याला आता दीड महिना होईल. मंदाताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझ्या एका पेशंटच्या मालकीण, एवढीच ओळख. पण त्या ओळखीनं माझी पंधरा वर्षं खाल्ली आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पंधरा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या, थेट गंगापूर रोडवरून रिक्षा करून. शाळेत जीवशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. शालीत गुंडाळलेला टिप्या हा अस्सल रस्त्यावरचा कुत्रा, पण ऐट अशी की जणू रिक्षा त्याच्या मालकीची. त्याच्या ओठाच्या आत गाठ होती. मी इंजेक्शनं सुरू केली, गाठ विरघळायलाही लागली, पण तोंड आतून इतकं सोललं गेलं की टिप्यानं खाणं सोडलं. दुधाकडेसुद्धा बघेना. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, "यानं खाल्लं नाही तर पुढचं इंजेक्शन त्याला पेलवणार नाही. आणि इंजेक्शन थांबलं तर गाठ परत येणार." त्यावर त्यांनी पर्समधून एक तपकिरी, लाकडासारखा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "फणसांबा. फणसाच्या खोडावर उगवणारी अळंबी. माझ्या माहेरी कोकणात लहान मुलांचं तोंड आलं की हा उगाळून लावतात. टिप्याला लावू का?"

मी तापट माणूस. "बाई, हे कुत्रं आहे," म्हणालो.

"तोंड तर त्याचंही आलंय ना?"

"डोस काय याचा?"

"वेढे. बाळगुटीचे असतात तसे. सहाणेवर मुलाच्या वयाप्रमाणे वेढे घ्यायचे."

"मग बारा किलोच्या कुत्र्याला किती वेढे?"

"तेच तर विचारायला आलेय, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं इंजेक्शन चालूच राहील. हे फक्त जोडीला. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

माझ्या सगळ्या नोकरीत आणि दवाखान्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. लोक घरी काय काय देतात! हळद, हिंग, अंगारा, कुणा बाबाची पुडी, आणि मला सांगतात, "नाय डॉक्टर, तुमच्याच गोळ्या." या बाई मात्र परवानगी मागत होत्या. मी कपाळावर आठ्या घालून चार वेढे ठरवले. का चार, ते देव जाणे. मी मिलिग्रॅममध्ये हिशेब करणारा माणूस, मला वेढ्यांतलं काय कळणार? त्यांनी फणसांबा साजूक तुपात उगाळला आणि बोटानं टिप्याच्या हिरड्यांना लावला. तीन-चार दिवसांत टिप्या दूधभात खाऊ लागला. त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तुपाचा गुण आहे." त्या म्हणाल्या, "असेल." बस्स. भांडायला आलेल्या माणसाचं असं पाणी करणं त्यांना छान जमायचं.

टिप्या पुढे म्हातारा होऊन सुखानं गेला, पण त्या सुरुवातीच्या दिवसांतच बाईंचं नाव झालं होतं. गंगापूर रोडवर भूछत्राला कुत्र्याची छत्री म्हणून हसणारे शेजारीच आपापली पामेरियन काखोटीला मारून त्यांच्या फाटकाशी उभे राहू लागले. एकदा शेळी आली, एकदा पोपट. मी चिडवायचो, "ओपीडी जोरात आहे तुमची." पण त्यांचा एक नियम होता आणि त्यात कुणाचीही गय नव्हती: आधी डॉक्टर, मग सहाण. एकदा कळवणहून एक शेतकरी एसटीनं आपलं राखणीचं कुत्रं घेऊन त्यांच्याकडे आला. "बाई, त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या म्या. तुमचंच औषध द्या. लय नाव ऐकलंय, लय लांबून आलोय." मंदाताईंनी सहाण बाहेर काढलीच नाही. त्याला चहा पाजला, भरपूर झापलं आणि रिक्षा करून त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, "गुण यांच्या सुईचा. माझं नुसतं जोडीला असतं. सुईच नसेल तर जोड कशाला देऊ?" तो बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, बाई लय कडक हाय." मी म्हणालो, "मला सांगतोस?"

गेल्या वर्षी मंदाताईंच्याच पोटात गाठ निघाली. केमो सुरू झाली आणि मला वेगळीच भीती. भाचे-पुतणे अळंबीच्या महागड्या कॅप्सूल घेऊन येत होते, हे घ्या आणि केमो सोडा म्हणत होते. सगळ्या रस्त्यानं ज्यांना अळंबीवाल्या बाई करून टाकलं, त्या आता काय करतील? त्यांनी काय केलं, तर पर्समधून फणसांबा काढून आपल्या तरुण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "जोडीला चालेल का?" ते म्हणाले, "नको. या औषधांबरोबर काय होईल, मला सांगता येत नाही." मंदाताईंनी फणसांबा पर्समध्ये ठेवला, तो ठेवलाच.

मग त्यांचं तोंड आलं. पाणीसुद्धा टोचायचं. पुढचा डोस जवळ आला आणि अंगात ताकद उरेना. शिरीष रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, तुमचं ती ऐकते." मी गेलो. खाटेवर मूठभर झाल्या होत्या. आणि मी, पंधरा वर्षं ज्यानं त्या तुकड्याला लाकूड म्हटलं, तो मी त्यांना विनवू लागलो, "अहो, लावा की जरासा. मी उगाळून देतो. कोणाला कळतंय?"

त्या हसल्या. हसताना दुखलं असणार. म्हणाल्या, "डॉक्टर नाही म्हणालेत. टिप्याच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी लपून लावला असता, असं वाटतं का तुम्हाला?"

मी बाहेर जाऊन त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. जनावरांचा डॉक्टर साजूक तूप लावलं तर चालेल का विचारतोय, याचं त्यांना हसू आलं, पण हो म्हणाले. मी वाटीत तूप घेऊन मंदाताईंसमोर धरलं. त्यांनी बोटानं लावलं. संध्याकाळपर्यंत चार-पाच चमचे गुरगुट्या भात पोटात गेला. मी तेवढ्यात टेंभा मिरवला, "बघा! तूपच होतं!"

"किंवा तुम्ही एवढ्या लांबून आलात, त्याची भीड पडली," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे डोस त्यांनी पेलले. दुखणं मात्र त्यांच्याहून हट्टी निघालं.

मागच्या आठवड्यात एका सुभेदाराची बायको आजारी रॉकीला घेऊन आली. तपासून झाल्यावर तिनं चाचरत एक बाटली काढली. कुणीतरी दिलेल्या अळंबीच्या कॅप्सूल. रॉकीचं लिव्हर आधीच नाजूक. मी नको म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी काय करू, डॉक्टर? नुसतं बघत बसू?" औषधं मला पुष्कळ माहीत आहेत, या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. शेवटी म्हणालो, "जवळ बसून थोडं थोडं भरवा. आणि आज काय खाल्लं, ते मला रोज संध्याकाळी घरी फोन करून सांगा."

मंदाताई हेच करायच्या. टिप्या आजारी असताना रोज दिवेलागणीला फोन, टिप्यानं काय खाल्लं ते सांगायला. टिप्या गेला तरी फोन थांबला नाही. माझी बायको वारली होती, आणि त्या विचारायच्या, "डॉक्टर, जेवायला काय केलंय आज?"

त्या संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला आणि म्हणालो, "खिचडी टाकलीय हो, मंदाताई."

पलीकडून सुभेदाराच्या बायकोचा आवाज आला, "डॉक्टर... रॉकी दूध प्यायला."